चाकावरची पट्टी

मित्रांनो, मी दुर्बीण आहे, वयानं बरीच जुनी. आकाशातले तारे दाखवणारी नव्हे आणि जहाजाच्या कप्तानाच्या गळ्यातलीही नव्हे. मी बंदुकीच्या पाठीवर बसते. बंदूक म्हटल्यावर दचकू नका. जत्रेत फुगे फोडायला छऱ्याची बंदूक देतात ना, तिचीच ही थोरली बहीण, हवेच्या जोरावर चालणारी. आम्हा दोघींपायी आजवर कुणाला ओरखडासुद्धा आलेला नाही. तरीही माझ्या घरात जे घडायचं ते घडलं, आणि त्याआधी तीन वर्षं माझ्यावर खोटारडेपणाचा आळ होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते कसं असतं हे मला विचारा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायका श्वास रोखून माझ्या नळीत एकेक भिंग बसवत. आत कोरडा वायू भरून त्यांनी माझी दोन्ही तोंडं बंद केली, म्हणजे पोटात दमट हवा शिरायला नको. मधोमध केसाएवढ्या रेघांची फुली बसवली. कुशीला बशीएवढं चाक लावलं आणि त्या चाकाच्या कडेवर आकडे कोरले. शेवटी एका बाईंनी मला डोळा लावून लांबच्या भिंतीवरचे फलक पाहिले, चाक फिरवलं आणि मान डोलावली. आकडे बरोबर होते. त्या दिवसापासून आजपर्यंत ते बरोबरच आहेत, हे मी छातीठोकपणे सांगते.

माझं काम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माझ्यातून एका वेळी एकाच अंतरावरचं स्वच्छ दिसतं. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं विरघळून जातं. चाक हळूहळू फिरवत न्यायचं आणि लांबच्या वस्तूवरचा रंगाचा ओरखडासुद्धा लख्ख दिसला की थांबायचं. मग चाकावरचा आकडा वाचायचा. तो आकडा म्हणजे तुमच्यापासून त्या वस्तूपर्यंतचं अंतर, यार्डात. हे कळणं फार गरजेचं असतं, कारण छर्रा बिचारा हळू जातो आणि जाता जाता खाली येतो. पंचेचाळीस यार्डांवरच्या वस्तूला तुम्ही छत्तीसवरची समजलात, तर छर्रा तिच्या पायाशी जाऊन पडणार.

मला विकत घेतलं ते इंग्लंडात यॉर्कशरमधल्या नॉर्मन पिकर्सगिलनं. डोंगरउतारावर दगडी कुंपणांच्या मधोमध त्याचं घर, आणि घरात तो आणि त्याची बायको एनिड. नॉर्मननं आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले होते. खाटकाचा, किराणावाल्याचा, लोकरीच्या गोदामातला, कुठलाही काटा चुकला की पितळी वजनांची पेटी घेऊन हा हजर. माप आणि काटा जुळत नसतील तर दोष काट्याचा, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. चाळीस वर्षं ते खरंही ठरलं होतं. म्हणून मी त्याला वाईट म्हणत नाही, पण मला ते भोवलं.

दर रविवारी आम्ही हॅगवुडच्या रानात जायचो. तिथे नेमबाजांचा एक क्लब आहे. झाडांमध्ये कावळे, उंदीर आणि ससे असे पत्र्याचे प्राणी उभे केलेले असतात. त्यांच्या पोटाला भोक असतं, भोकामागे एक पाकळी. छर्रा भोकातून जाऊन पाकळीला लागला की प्राणी आडवा होतो आणि दोरी ओढून त्याला पुन्हा उभा करतात. प्राणी किती लांब आहे हे कुणी सांगत नाही. अंतर मोजायचं दुसरं कुठलंही यंत्र चालत नाही. ज्यानं त्यानं आपापल्या दुर्बिणीतून ओळखायचं. म्हणजे सगळी मदार माझ्यावर आणि मला लावलेल्या डोळ्यावर.

त्या लोकांची एक पद्धत आहे. कारखान्यात कोरलेल्या आकड्यांवर तिथलं कुणी विसंबत नाही. जमिनीवर मोजफीत टाकायची, ठरावीक अंतरावर पत्रे उभे करायचे, चाक फिरवून प्रत्येक पत्रा स्वच्छ करायचा आणि चाकाच्या कडेला डकवलेल्या पांढऱ्या कागदी पट्टीवर स्वतःच्या हातानं आकडा लिहायचा. थंडीत आणि उन्हात दुर्बिणी थोड्याशा सरकतात हे खरं आहे. म्हणून हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा नवी पट्टी लावायची. आणखी एक गोष्ट. डोळ्याजवळचं कडं स्वतःच्या नजरेला जुळलं की त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून टाकायची आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही. ते कडं हललं तर सगळेच आकडे हलतात. नॉर्मननंही तसंच केलं.

सुरुवातीची वर्षं काय सांगू! उन्हात माझ्यावर छत्री धरली जायची, मला ऊन लागू नये म्हणून, आणि नॉर्मन स्वतः पावसात भिजला तरी चालायचं. मॅव्हिस ओल्डरॉइड म्हणून क्लबातली एक बाई होती. पूर्वी टपाल वाटायची, आता क्लबासाठी रानात प्राणी मांडायची. ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, नॉर्मनची दुर्बीण म्हणजे नुसता डोळा नाही, चर्चमधला पाद्रीसुद्धा इतकं खरं बोलत नाही. मी तेव्हा फुलले होते. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

मित्रांनो, पहिली खूण एका ऑक्टोबरात दिसली. नवी पट्टी लावताना नॉर्मननं तीस यार्डांवरचा पत्रा स्वच्छ केला आणि चाक माझ्या कोरलेल्या तिसाच्या पुढे जाऊन थांबलं. त्यानं पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. "थंडी," असं पुटपुटून त्यानं तिथे तीस लिहिलं. वसंतात चाक मागे यायला हवं होतं. ते आणखी पुढे गेलं. म्हणजे ऊन, असं तो म्हणाला. पुढच्या हिवाळ्यात आणखी पुढे. आता तो म्हणू लागला की माझ्या आतलं काहीतरी झिजलंय. पट्टीवर पट्टी चढत गेली. जुनी काढायचा त्याला कंटाळा, म्हणून माझ्या चाकाला कागदाची जाड साल आली आणि माझे खरे आकडे त्याखाली गाडले गेले.

मी झिजले नव्हते. मला त्याचा डोळा रोज इतक्या जवळून दिसायचा, तितक्या जवळून तो एनिडलाही दिसला नसेल. बुबुळामागे धूर साठत चालला होता. आधी अगदी पातळ, चहाच्या वाफेसारखा. मग पिवळसर. माझी फुली त्याला केसाळ दिसू लागली. तो फडक्यानं माझी काच पुसायचा, तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसायचा आणि चडफडायचा. काचेवर काही असेल तर निघेल ना! पलीकडून कुणी पुसत नव्हतं.

आणि सगळ्यात भीती वाटावी अशी गोष्ट ही, की त्याचे नेम लागत होते. पट्टी त्याच्या बिघडलेल्या नजरेनंच लिहिलेली, आणि वाचायची तीही त्याच नजरेनं. चुकीला चूक जुळली की उत्तर बरोबर येतं. पत्र्याचे उंदीर धडाधड पडायचे आणि नॉर्मनला वाटायचं, आपली नजर ससाण्याची आहे, लबाड आहे ती ही दुर्बीण.

घरी एनिड मागे लागली होती. तिला गाडी चालवता येत नव्हती. दुकान, दवाखाना, चर्च, सगळीकडे नॉर्मनच न्यायचा. त्या डोंगरात बस येत नाही. गाडी गेली की माणूस घरात कोंडला. मी मागच्या सीटवर बॅगेत पडून ऐकायची. आरसा दगडी कुंपणाला घासला, तेव्हा नॉर्मन म्हणाला की रस्ता अरुंद झालाय. समोरून गाडी आली की तो शिव्या घालायचा, हल्ली दिवे फार भगभगीत बनवतात म्हणून. एकदा वळणावर मेंढ्यांचा कळप अगदी नाकापर्यंत आला तेव्हा ब्रेक लागला, आणि एनिडचा श्वास अडकल्याचं मला मागे ऐकू आलं.  मग घरी पोचल्यावर स्वयंपाकघरात म्हणाली, "नॉर्मन, उद्या गावात जाऊन डोळे तपासून ये. हात जोडते."

"कशाला?" तो म्हणाला. "काल चाळीसपैकी तेहतीस पाडले मी. आंधळा पाडेल का तेहतीस?"

 पुरावा तर टेबलावरच पडला होता, माझ्या रूपानं. पुढे तिनं कितीदा तरी सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तेहतीस पाडले, हे एकच उत्तर. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की बाबा रे, मी तुझी साक्षीदार नाही.

मग तो जानेवारीतला रविवार आला. सकाळपासून रानात धुकं होतं आणि पायाखाली दहिवर करकरत होतं. अर्ध्यात मॅव्हिसच्या बंदुकीची हवा गळायला लागली. नॉर्मननं मोठ्या मनानं आपली बंदूक तिच्यापुढे केली. ती खाली बसली, मला डोळा लावला आणि समोरच्या कावळ्यावर चाक फिरवलं. किती दिवसांनी माझ्यावर एक स्वच्छ डोळा टेकला होता! कावळ्याच्या चोचीवरचा उडालेला रंग लख्ख दिसला आणि ती थांबली. पट्टीवर आकडा होता छत्तीस. तिनं छत्तिसाचा नेम धरला. छर्रा कावळ्याच्या पायाखाली मातीत गेला.

मॅव्हिस गोंधळली. तो कावळा तिनंच पहाटे मोजफितीनं मोजून मांडला होता, पंचेचाळीस यार्डांवर. तिनं दुसऱ्या प्राण्यावर चाक फिरवून पाहिलं. तिथेही आकडा कमी. मग तिनं नखानं कागदी सालीचा कोपरा उचलला आणि खाली वाकून पाहिलं. तिथे माझा कोरलेला आकडा होता, आणि तो अगदी बरोबर होता.

तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला कळलं. माझा आनंद गगनात मावेना. सुटले एकदाची, असं वाटलं. तिनं मान वळवून नॉर्मनकडे पाहिलं. तो थर्मासमधला चहा कपात ओतत होता आणि निम्मा कपाबाहेर, स्वतःच्या हातमोज्यावर सांडत होता. त्याला अजून ते कळलं नव्हतं.

मॅव्हिसनं तोंड उघडलं. मग मिटलं. त्या भागातली माणसं फार सभ्य आहेत. पावसाबद्दल ती तासभर बोलतील, पण समोरच्याला तू म्हातारा झालास हे सांगणं म्हणजे त्याच्या घरात न विचारता शिरणं. आणि नजर गेली म्हणजे गाडी गेली, गाडी गेली म्हणजे डोंगरावरचं ते घर गेलं, हेही तिला कळत होतं. तिला ते तिथे, चार माणसांत, बोलवेना.

"पट्टी थोडी सरकलीय तुझी," ती म्हणाली. "थंडीनं असेल."

"तेच तर सांगतोय तीन वर्षं," नॉर्मन म्हणाला. "ही बयाच दगाबाज आहे."

मॅव्हिसनं बंदूक त्याच्या हातात परत दिली. मला पुन्हा बॅगेत घातलं, चेन ओढली. पुढचं मी अंधारातून ऐकलं तसं सांगते.

गाडी डोंगर चढत होती. धुकं दाट झालं असावं, कारण काच पुसायचा दांडा सारखा खरखरत होता. समोरून एक गाडी गेली तेव्हा नॉर्मननं नेहमीसारखी दिव्यांना शिवी हासडली. घराच्या खालच्या वाटेवर मेंढ्यांसाठी एक लाकडी फाटक आहे. नॉर्मनचे गुडघे धरतात म्हणून रविवारी एनिड खाली चालत येऊन ते उघडायची आणि हातात बॅटरी घेऊन तिथेच उभी राहायची. नॉर्मन शीळ घालत होता. शीळ चालू होती, गाडीचा वेगही कमी झाला नव्हता, आणि एकदम लाकूड मोडल्याचा आवाज झाला. त्याच्याबरोबर दुसरा एक आवाज झाला, मऊ. बॅग सीटवरून खाली आदळली. मग दार उघडलं, आणि बाहेरून नॉर्मनचा आवाज ऐकू येऊ लागला. मदतीसाठी तो कुणाला हाक मारत नव्हता. तो एकच वाक्य परत परत म्हणत होता.

"फाटक अजून लांब होतं. एनिड, फाटक अजून लांब होतं."

मॅव्हिसला घरी जाऊन चैन पडली नव्हती. तिनं चहा केला, प्यायला, मन घट्ट केलं आणि एनिडला फोन लावला. तिकडे फोन वाजत राहिला. एनिड तेव्हा फाटकाशी उभी होती. मॅव्हिसनं हे पुढे रडत रडत सांगितलं. एक कप चहा आधी फोन केला असता तर, हे तिच्या मनातून अजून जात नाही.

एनिड वाचली. कंबरेचं हाड मोडलं आणि दोन बोटं गेली. ती आता लोखंडी चौकट धरून घरातल्या घरात चालते, आणि पायऱ्या काही तिला चढता येत नाहीत. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या आवारात पोलिसानं नॉर्मनला उभं केलं आणि समोरच्या गाडीची नंबरपाटी वाचायला सांगितली. नॉर्मननं विचारलं, "कुठली गाडी?" पोलिसानं आणखी काही विचारलं नाही. मॅव्हिस शेजारी उभी होती, तिनं मान खाली घातली.

वसंतात नॉर्मनच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. फार साधं काम होतं म्हणे. सकाळी नेलं आणि दुपारी चहाला परत. तीन वर्षांपूर्वीही ते तितकंच साधं होतं.

नंतर एके दिवशी तो मला स्वयंपाकघरात घेऊन आला. खिडकीशी बसला आणि परसात एनिडचा कपडे वाळत घालायचा जो जुना खांब आहे त्यापर्यंत मोजफीत टाकून आला. मला डोळा लावला. तो डोळा आता पाण्यासारखा नितळ होता. चाक फिरवलं, खांबावरचा गंज स्वच्छ झाला, पट्टीवरचा आकडा वाचला. चुकीचा होता. त्यानं पट्टी सोलली. खालच्या पट्टीवरही चुकीचा, त्याखाली आणखी एक. सोलता सोलता तो धातूपर्यंत आला आणि कोरलेला आकडा मोजफितीशी तंतोतंत जुळला.

"काटा बरोबर होता, एनिड," तो म्हणाला. "काटा पहिल्यापासून बरोबर होता."

एनिड खुर्चीत बटाटे सोलत होती.  नॉर्मननं मला बाजूला ठेवलं आणि आपल्या उघड्या डोळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग तो हलकेच म्हणाला, "इथून फाटक दिसतं?"

"दिसतं की," एनिड म्हणाली. "मी इथूनच तर बघायचे तुझी गाडी येताना. वळणावर दिसलास की खाली निघायचे."

नॉर्मननं डोकं टेबलावर टेकलं. म्हाताऱ्या माणसाला असं रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. एनिडनं सुरी खाली ठेवली, पण चटकन उठून त्याच्याजवळ जाणं आता तिला जमण्यासारखं नव्हतं.

मित्रांनो, त्यानंतर मला कुणी बंदुकीवर चढवलं नाही. माझी बदनामी पुसली गेली, पण त्याचं मला आता काही वाटत नाही. एवढंच मागते. तुमच्या घरात कुणी चष्मा पुन्हा पुन्हा पुसत असेल, दिव्यांना शिव्या घालत असेल, चहा कपाबाहेर ओतत असेल, तर थंडीवर ढकलू नका आणि पुढच्या रविवारची वाट बघू नका. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. मी कितीही चांगली असले तरी आठ यार्डांच्या आतलं काही दाखवू शकत नाही. तेवढं जवळचं तुम्हालाच बघावं लागेल, आणि बघितलं की त्याच दिवशी सांगावं लागेल.